मेल ऑर्डर कॅटलॉगवरून मुलांचा पोशाख ठरवताना : अमेरिका, १९०० ते १९२०

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत घडणारं नाटक, लघुपट किंवा चित्रपुस्तक हातात आलं की मुलांचे कपडे बहुतेक वेळा एकाच चित्रावरून शिवले जातात. कुणाला तरी सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगचं एक पान सापडतं, त्यातला बेल्टवाला सूट सगळ्यांना आवडतो आणि चार वर्षांच्या पोरापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सरसकट तोच चढतो. गडबड होते ती क्रमामुळे. चित्र सगळ्यात शेवटी बघायचं असतं. कॅटलॉगात दिसतो तो विक्रीचा माल. तो कुणाच्या अंगावर, किती वर्षांनी आणि कोणत्या अवस्थेत गेला हे पानावर लिहिलेलं नसतं, ते आपल्याला शोधून काढावं लागतं.

खालचा क्रम वेशभूषा करणाऱ्यांसाठी आहे. जुन्या फोटोचं साल ठरवायचं असेल तरी तोच उपयोगी पडेल. एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो : इलिनॉय राज्यातलं बेताच्या मिळकतीचं शेतकरी घर, १९१२ चा ऑक्टोबर, आणि ४, ९ व १५ वर्षांचे तीन भाऊ.

१. कॅटलॉग उघडण्याआधी कागदावर लिहा

प्रत्येक मुलासाठी पाच गोष्टी लिहून काढा : वय, साल आणि ऋतू, शेतावरचं घर की शहरातलं, घरची ऐपत, आणि भावंडांमध्ये कितवा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि सगळं गणित पुढे तिच्यावरच फिरतं. प्रसंगही लिहा. रविवारी चर्चला जाणारा मुलगा आणि गोठ्यात काम करणारा मुलगा एकच असला तरी त्यांची पानं वेगळी असतात.

तपासा : वयाच्या रकान्यात नटाचं वय लिहिलेलं नाही ना? बारा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांच्या मुलाचं काम करत असेल तर कपडे नऊ वर्षांच्या मुलाचे हवेत, फक्त मापं बाराची.

२. अंक नेमका कोणता, हे पक्कं करा

मोठे कॅटलॉग शिकागोचे : माँटगोमरी वॉर्ड (१८७२ पासून) आणि सिअर्स, रोबक अँड कंपनी (या नावाने १८९३ पासून). गोष्ट कॅनडातली असेल तर टोरांटोच्या ईटन्सचा कॅटलॉग बघावा, तो १८८४ पासून निघत होता. साधारणपणे वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा अशा हंगामांप्रमाणे माल बदलत असे, त्यामुळे नुसतं साल पुरत नाही. ऑक्टोबरच्या प्रसंगासाठी उन्हाळी अंकातला पांढरा, घरी धुता येणारा सुती सूट निवडला तर बाकी सगळं बरोबर असूनही पोशाख चुकतो.

सिअर्सचे १८९७, १९०२ आणि १९०८ या सालांचे अंक पुढे पुस्तकरूपात पुन्हा छापले गेले. ते सहज मिळतात, म्हणून सगळे याच तीन सालांवर विसंबतात. मुलांच्या कपड्यांत सगळ्यात मोठा बदल मात्र १९०८ च्या आसपास आणि त्यानंतर झाला. १९१४ च्या गोष्टीला १९०२ चा अंक वापरणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. मधल्या वर्षांसाठी इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर स्कॅन केलेले अंक शोधा. मिळालेल्या अंकाच्या मागचा आणि पुढचा अंकही बघा, कारण छपाईचे ठसे महाग असत आणि एकच चित्र वर्षानुवर्षं वापरलं जाई. चित्र तेच आणि खालचा मजकूर वेगळा असेल तर मजकुरावर विश्वास ठेवा.

तपासा : सुटं पान मिळालं असेल तर त्यावर अंकाचा क्रमांक शोधा. सिअर्सचा १९०२ चा अंक १११ क्रमांकाचा, १९०८ चा ११७. माल ‘पार्सल पोस्ट’ने पाठवू असं छापलं असेल तर पान बहुतेक १९१३ किंवा नंतरचं. देशांतर्गत पार्सल सेवा १ जानेवारी १९१३ ला सुरू झाली. त्याआधी टपालाने चार पौंडांपर्यंतचंच पाकीट जाई आणि जड माल एक्सप्रेस कंपनीने किंवा रेल्वेच्या मालगाडीने येई.

३. आधी वयाची ओळ वाचा

प्रत्येक सुटाच्या वर्णनात कुठे तरी ‘वय ३ ते ८’, ‘वय ८ ते १६’ अशी ओळ असते. ती सापडेपर्यंत चित्राकडे बघू नका. त्या काळातल्या मुलाचं वय त्याच्या कपड्यांवरून लांबूनही ओळखू येत असे, आणि त्याची पायरी अशी होती.

अगदी लहान मुलगे झगे घालत. मुलींच्या झग्यांपेक्षा ते साधे असत, बहुधा पुढून किंवा बाजूने बटणांचे, कमरेच्या खाली बेल्ट आलेला. १९१० च्या सुमारास हे मागे पडू लागले आणि त्यांची जागा रॉम्परने, म्हणजे अंगरखा आणि पँट एकत्र शिवलेल्या कपड्याने घेतली. साधारण तीनपासून सात-आठपर्यंत लांब अंगरखा आणि आखूड पँट असे संच : सेलर सूट, रशियन ब्लाउज सूट, बस्टर ब्राउन सूट. आठ-नऊपासून मोठ्या माणसासारखा कोट येई, पण पँट गुडघ्यापर्यंतचीच. लांब पँट चौदा-पंधराच्या पुढे मिळे, आणि ती पानं कॅटलॉगमध्ये ‘युथ्स’ अशा वेगळ्या मथळ्याखाली असतात. तिथे मापही वयाने न देता छातीच्या इंचांनी दिलेलं सापडतं.

आपल्या तीन भावांचे आता तीन वेगळे विभाग झाले. चार वर्षांचा अंगरख्यात, नऊ वर्षांचा कोट आणि आखूड पँटमध्ये. पंधरा वर्षांचा उंबरठ्यावर आहे. त्याला लांब पँट द्यायची की नाही हे दिग्दर्शकाला विचारून ठरवा, कारण ती मिळणं न मिळणं हा त्या वयाच्या मुलासाठी मोठा प्रश्न होता आणि नाटकात त्याचा उपयोग होऊ शकतो.

खबरदारी : कॅटलॉगमधली मुलं वयापेक्षा उंच आणि सडपातळ काढलेली असतात. चित्रात दहा वर्षांचा वाटणारा मुलगा मजकुरात सहाचा निघतो.

४. मग पाय बघा

साल ओळखायला पँटइतकी भरवशाची दुसरी गोष्ट नाही, म्हणून इथे घाई करू नका.

नी-पँट सरळ शिवलेली असते. ती गुडघ्याशी संपते, खालची कड मोकळी राहते, आणि बाहेरच्या बाजूला कधीकधी दोन-तीन शोभेची बटणं असतात. निकरबॉकर घेरदार असते. कापड गुडघ्याखाली चुण्या घालून पट्टीत घेतलेलं असतं, पट्टी बटणाने किंवा लहान बकलने बंद होते आणि कापड तिच्यावर फुगून खाली ओघळतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या मुलांच्या पानांवर नी-पँटचं राज्य दिसतं. १९०८ ते १९१० च्या सुमारास निकरबॉकर तिला मागे टाकते आणि पुढे १९२० च्या दशकातही टिकून राहते. लहान मुलांच्या संचांत मात्र सरळ आखूड पँट चालूच राहिली, त्यामुळे हा नियम फक्त आठ-नऊच्या पुढच्या मुलांना लावा.

शिवताना दोन चुका होतात. एक, पट्टी पोटरीच्या मध्यावर आणली जाते. ती गोल्फच्या प्लस-फोरसारखी दिसते आणि पोशाख एकदम १९२० च्या दशकात जातो. १९१२ ची पट्टी गुडघ्याच्या लगेच खाली बसली पाहिजे. दुसरी, कापड कमी घेतलं जातं. कमरेपासून पट्टीपर्यंत जितकी लांबी भरते त्याहून तीन-चार इंच जास्त कापा, नाहीतर कापड ओघळणार नाही आणि मुलगा खाली बसला की पट्टी काचेल. पट्टीत नाडी घालू नका, पायजमा दिसतो. लहान मुलांच्या ब्लूमर (घेरदार आखूड) पँटला इलॅस्टिक चालेल, तेव्हाही ते वापरात होतं.

तपासा : कुठेही चेन नको. मुलांच्या कपड्यांत चेन आली ती १९३० च्या दशकात. पुढची उघड बटणांची.

५. वरचा भाग ठरवा

लेस कॉलरचा मखमली फॉन्टलरॉय सूट आधी बाजूला काढा. १८८६ च्या ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ या कादंबरीनंतर त्याची लाट आली होती आणि १९०० पर्यंत ती ओसरली होती. १९१२ च्या श्रीमंत मुलाला तो घालायचा मोह टाळा.

सेलर सूट पूर्ण काळभर चालतो. म्हणून तो सोयीचा, आणि म्हणूनच साल सांगायला निरुपयोगी. मागे चौकोनी कॉलर, गळ्यात रुमाल, छातीवर वेगळा तुकडा आणि त्यावर नांगर. कॅटलॉगमधल्या अनेक सेलर सुटांबरोबर दोरीला बांधलेली शिटी फुकट मिळे. रंगमंचावर ती द्यायला हरकत नाही, पण तालमीत मुलाच्या हाती देऊ नका.

रशियन ब्लाउज आणि बस्टर ब्राउन यांत गल्लत होते. दोन्हींत मांडीपर्यंतचा लांब अंगरखा, कमरेखाली सैल बसलेला बेल्ट आणि घेरदार आखूड पँट. रशियन ब्लाउजची बटणं एका बाजूला असतात आणि गळ्याला उभी पट्टी किंवा सेलर कॉलर येते. बस्टर ब्राउनला रुंद, गोलसर, पांढरी कडक कॉलर आणि तिच्याखाली मोठा सैल बो. हे नाव रिचर्ड आउटकॉल्टच्या चित्रमालिकेतून आलं. ती न्यूयॉर्क हेरल्डमध्ये मे १९०२ मध्ये सुरू झाली, म्हणजे १९०० च्या मुलाला हा सूट ‘बस्टर ब्राउन’ म्हणून घालता येत नाही. बेल्ट कमरेवर घट्ट बांधणं ही इथली ठरलेली चूक. तो नितंबांवर टेकला पाहिजे. अंगरख्याला दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्या लावून त्यातून ओवा, म्हणजे धावपळीत वर सरकणार नाही.

मोठ्या मुलांसाठी दोन रांगी बटणांचा कोट किंवा नॉरफोक. नॉरफोकला पुढे-मागे उभ्या बॉक्स प्लीट (दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या सपाट चुण्या) असतात आणि त्याच कापडाचा बेल्ट त्यांच्याखालून जातो. १९१० नंतरच्या अंकांत तो भरपूर सापडतो. प्लीट वेगळ्या पट्ट्या कापून वरून शिवल्या तरी चालतात, पण कोटाच्या खालच्या कडेपर्यंत न्याव्या लागतात. बेल्टशी थांबवल्या की कोट खोटा दिसतो. कमरेत मागून चिमटलेले, अंगासरशी कोट १९१६ च्या पुढचे, आणि लष्करी धाटणीचे खाकी सूट अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतरचे, म्हणजे १९१७-१८ चे.

६. कापडाची नावं वाचा

चित्रात सगळीच कापडं सारखी दिसतात. मजकूर सांगतो ते खरं. सर्ज, शेव्हियट, कॅसिमिअर, वर्स्टेड ही लोकरी कापडं. ‘युनियन’ लिहिलं असेल तर लोकरीत सूत मिसळलेलं, म्हणजे स्वस्त आणि लवकर चकाकणारं. कॉर्डरॉय शाळेच्या आणि खेळाच्या कपड्यांना. उन्हाळी सेलर सुटांना गॅलेटिया, म्हणजे बारीक पट्ट्यांचं जाड सुती कापड. ‘लिनीन’ हा शब्द लिनन समजून वाचू नका, ते लिननसारखं दिसणारं सुती कापड होतं.

आपल्याकडे हे कापड शोधताना चमक टाळा. सूटिंगच्या दुकानातलं पॉलिएस्टर-व्हिस्कोस दिव्यांखाली लगेच उघडं पडतं. जाड खादी, कोटासाठी मिळणारं लोकरी ट्वीड किंवा न चमकणारी कॉर्डरॉय घ्या. तपकिरी, राखी, गडद निळा आणि मातकट हिरवा हे रंग सुरक्षित आहेत. आपल्या शेतकरी घरासाठी मी नऊ वर्षांच्या मुलाला तपकिरी कॉर्डरॉयची निकरबॉकर देईन आणि वर वेगळ्या कापडाचा कोट, कारण पूर्ण जुळणारा सूट त्याच्याकडे रविवारपुरताच असणार.

७. चित्रात नसलेल्या गोष्टींची यादी करा

सुटाच्या पानावर फक्त सूट विकायला असतो. शर्ट, मोजे, टोपी, बूट आणि आतले कपडे दुसऱ्या पानांवर असतात, आणि खरा फरक तिथेच पडतो.

*शर्ट.* मुलांच्या शर्टांची पानं ‘ब्लाउज’ आणि ‘वेस्ट’ (waist) या मथळ्यांखाली असतात. ब्लाउजच्या खालच्या कडेत नाडी किंवा इलॅस्टिक असतं, म्हणून तो पँटवर किंचित फुगतो. आजचा शर्ट पँटमध्ये खोचला की तो फुगा येत नाही.

*आतली बंडी.* लहान मुलांच्या पँट कमरेला बटणांनी आतल्या बंडीला अडकवलेल्या असत. मुलाला कंबरच नसते, बेल्टवर पँट टिकत नाही. रंगमंचावर ही बंडी दिसणार नाही, तरी शिवा. पँट जागेवर राहील आणि कपडे बदलताना वेळ वाचेल. मोठ्या मुलांना गॅलस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणारे पट्टे.

*मोजे.* इथे नव्वद टक्के पोशाख घसरतात. अमेरिकेतला शाळकरी मुलगा लांब, काळे, उभ्या रेघांच्या विणीचे सुती मोजे घाली, तेही मांडीपर्यंतचे, आणि आतल्या बंडीला लटकवलेल्या पट्ट्यांनी ते वर धरलेले असत. नी-पँट असो वा निकरबॉकर, गुडघा उघडा दिसत नाही. मोजे आधी गुडघ्यावर फाटत, म्हणून कॅटलॉगमध्ये खास दुहेरी गुडघ्याचे मोजे मिळत. पर्याय म्हणून काळे, जाड, सुती टाइट्स घ्या. नायलॉनचे पातळ टाइट्स घेतले तर त्वचा आतून दिसते.

*बूट आणि टोपी.* घोट्याच्या वर जाणारे, नाडीचे किंवा बटणांचे काळे बूट. शेतावरचा मुलगा उन्हाळ्यात अनवाणी. मोठ्या मुलांना चपटी, पुढे लहान छज्जाची कापडी टोपी, लहानांना सेलर टोपी किंवा गोल सैल टॅम.

तपासा : मूल खाली बसलं, पायऱ्या चढलं, वाकलं तरी पायाची कातडी दिसत नाही ना? मोजे आधी शिवून किंवा विकत घेऊन मगच पँटची लांबी ठरवा. उलट केलं तर पँट पुन्हा उसवावी लागते.

८. कॅटलॉगचं साल आणि गोष्टीचं साल वेगळं करा

पहिल्या टप्प्यात भावंडांचा क्रम का लिहिला ते आता कळेल. नवा सूट विकत घ्यायचा तो थोरल्याला, वाढत्या अंगाचा. तो आखूड झाला की मधल्याला, मग धाकट्याला. शेतकरी घरात हा प्रवास सहज पाच-सहा वर्षं चालतो.

आपल्या घरात १९१२ मध्ये नऊ वर्षांचा असलेला मुलगा १९०७ मध्ये चारचा होता. त्या वर्षी त्याला रशियन ब्लाउज सूट घेतला असेल तर आज तोच धाकट्याच्या अंगावर आहे, म्हणजे चार वर्षांच्या मुलासाठी १९०७-०८ चा अंक उघडा. पंधरा वर्षांचा थोरला १९०६ मध्ये नऊचा होता. त्याची जुनी नी-पँट मधल्याकडे घरात कामाला वापरायला आली असेल, आणि शाळेसाठी त्याला १९११ किंवा १२ ची नवी निकरबॉकर मिळाली असेल. थोरल्याला चालू हंगामातला सूट. एकाच घरातल्या तीन भावांना तीन वेगळ्या सालांचे अंक लागतात. एकच अंक घेऊन तिघांना सजवलं तर ते दुकानाच्या काचेतले दिसतात.

श्रीमंत शहरी घरासाठी हे अंतर कमी करा, पण शून्य करू नका. शिवाय बऱ्याच आया बटरिकसारख्या कंपन्यांचे कागदी नमुने आणून घरीच शिवत. घरचं शिवण दाखवायचं असेल तर कॉलर थोडी मऊ, काज हाताची आणि अस्तर उरलेल्या कापडाचं.

वाढत्या अंगाचं दाखवायला बाह्या मनगटाच्या खाली येऊ द्या आणि पँटच्या आत दुमड ठेवा. धाकट्याच्या कपड्यात ती दुमड उसवलेली असते. जुन्या दुमडीची रेघ तिथे फिकट दिसली पाहिजे. ती चुन्याच्या खडूने काढू नका, पहिल्या घामात जाते. कपडा एकदा दुमडून इस्त्री करा, कडेवर बारीक पॉलिश पेपर घासा आणि मग उसवा.

९. खऱ्या फोटोंशी ताडून बघा

कॅटलॉगवरून ठरलेला पोशाख शिवायला देण्याआधी त्याच सालाच्या फोटोंसमोर ठेवा. लुईस हाइनने १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरोधी संस्थेसाठी कामावर जाणाऱ्या मुलांचे हजारो फोटो काढले. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत आणि बहुतेकांखाली गाव, महिना, साल, कधी वयही लिहिलं आहे. पेपर विकणारी, गिरण्यांत आणि खाणींत राबणारी ही मुलं आहेत. सैल पडलेले मोजे, एका पायाची उघडी पट्टी, मोठ्या माणसाचा कापलेला कोट, ठिगळं, सगळं तिथे आहे. ही मुलं गरीब होती हे लक्षात ठेवून बघा. मध्यमवर्गीय घरासाठी त्याच काळातले शाळेच्या वर्गांचे गटफोटो जास्त जवळचे. गटफोटोत एकाच ओळीत नी-पँट आणि निकरबॉकर शेजारी शेजारी दिसतात, आणि आठव्या टप्प्यातलं अंतर किती ठेवायचं याचा अंदाज तिथूनच घ्यावा.

तपासा : फोटोखालचं साल फोटो काढणाऱ्याने लिहिलेलं आहे की नंतर कुणी अंदाजाने टाकलं आहे? अंदाजाचं साल जुळवणीला वापरू नका.

१०. गोष्ट मुंबईत घडत असेल तर थांबा

त्याच काळातल्या मुंबईतल्या इंग्रज मुलासाठी किंवा इंग्रजी वळणाचे कपडे घालणाऱ्या घरातल्या मुलासाठी हे अमेरिकन कॅटलॉग वापरू नका. इथे चालत होती ती ब्रिटिश दुकानं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबई शाखा १८९१ मध्ये उघडली, काळा घोड्याजवळ तिची इमारत आजही उभी आहे, आणि त्यांचा स्वतःचा जाडजूड कॅटलॉग होता. ब्रिटिश मुलगा सरळ, मोकळ्या कडेची आखूड पँट आणि गुडघ्याखाली दुमडलेले मोजे घाली. त्याचा गुडघा उघडा असे. काळे लांब मोजे आणि ओघळणारी निकरबॉकर घातलेला मुलगा त्या काळच्या मुंबईत परका दिसला असता. अशा वेळी पहिला, तिसरा आणि आठवा टप्पा तसेच ठेवा, चौथा आणि सातवा ब्रिटिश अंकावरून नव्याने करा, आणि लोकरीऐवजी ड्रिल किंवा पांढरं जाड सुती कापड घ्या.